कमी खर्चात ग्रामीण भागासाठी योग्य गाडी कशी निवडावी

वस्ती विरळ असेल आणि सार्वजनिक वाहन दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळीच येत असेल, तर घरची गाडी अनेक कामांना पुरावी लागते. मुलांना शाळेत सोडणे, बियाणे आणि खताची पोती आणणे, बाजारात माल पोहोचवणे, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, ही सगळी कामे तिच्याच भरवशावर असतात. शहरात गाडी बंद पडली की दुसरी सोय होते. आडबाजूला राहणाऱ्या कुटुंबाची मात्र गाडी बंद पडली की कामेही बंद पडतात, आणि ती ओढून नेण्याचा खर्च कधीकधी दुरुस्तीपेक्षा जास्त भरतो. म्हणून कमी पैशांत ग्रामीण भागासाठी गाडी घेताना माझ्या मते दोनच कसोट्या सर्वांत वर ठेवाव्यात: ती आपल्या नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीचा भार घेऊन निमूट चालली पाहिजे, आणि बिघडली तर जवळच दुरुस्त झाली पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या या दोन कसोट्यांवर उतरणारी गाडी शोधण्यासाठीच आहेत.

पायरी १ : गाडी पाहण्याआधी कामांची नोंद करा

दोन-तीन आठवडे एक वही ठेवा आणि घरातील प्रत्येक फेरीची नोंद करा. कुठे गेलो, किती किलोमीटर, त्यातला कच्चा रस्ता किती, माणसे किती होती आणि सामान किती किलो होते, एवढी माहिती पुरेशी आहे. सध्या गाडीच नसेल तर उसन्या, भाड्याच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीने केलेल्या आणि गाडीअभावी टाळलेल्या फेऱ्याही लिहा. नंतर त्यांचे तीन गट करा: जवळजवळ रोजच्या फेऱ्या, महिन्यातून एक-दोनदा होणाऱ्या फेऱ्या आणि वर्षातून क्वचित घडणाऱ्या फेऱ्या.

गाडी निवडायची ती पहिल्या गटासाठी. दुसऱ्या गटाची कामे थोडी गैरसोय सोसून त्याच गाडीत झाली पाहिजेत. तिसऱ्या गटासाठी वाहन भाड्याने घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. वर्षातून दोनदा पाहुणे येतात म्हणून सात आसनांची गाडी घेणारे कुटुंब उरलेले वर्षभर रिकाम्या आसनांचे वजन ओढत असते, आणि त्या वजनाचे इंधन व टायर प्रत्येक किलोमीटरला झिजवत असते.

या नियमाला एकच अपवाद मी मानतो, तो तातडीच्या आजारपणाचा. तशी फेरी क्वचित येते, पण तेव्हा भाड्याचे वाहन शोधायला वेळ नसतो. त्यामुळे ऐन पावसाळ्याच्या रात्री दारापासून पक्क्या रस्त्यापर्यंत ही गाडी जाईल का, आणि मागचे आसन पाडून एका माणसाला आडवे झोपवता येईल का, हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नोंद पूर्ण झाल्यावर काहींच्या लक्षात येईल की बहुतेक फेऱ्या एकट्या माणसाच्या आणि हलक्या सामानाच्या आहेत. अशा घराला साधी मोटारसायकल रोजच्या कामाला पुरते, आणि कुटुंबासाठी जुनी पण धड चारचाकी आठवड्यातून दोनदा काढली तरी चालते. दोन स्वस्त वाहनांचा एकत्रित खर्च एका मोठ्या वाहनापेक्षा पुष्कळदा कमी येतो, शिवाय एक बिघडले तर दुसरे हाताशी असते.

पायरी २ : आपला रस्ता मोजा

“रस्ता खराब आहे” एवढ्या माहितीवर गाडी निवडता येत नाही. एक काठी आणि मोजपट्टी घेऊन नेहमीच्या कच्च्या रस्त्यावरून चालत जा. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती आहे, सर्वांत खोल खड्डा किती आहे, ओढा ओलांडताना पाणी कुठपर्यंत येते, सर्वांत तीव्र चढण कुठे आहे आणि तिथे माती आहे की खडी, हे सारे टिपून घ्या.

या मापांची तुलना गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सशी करायची, म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतराशी. लहान हॅचबॅक गाड्यांमध्ये ते साधारण १४० ते १७० मिलिमीटर असते, उंच बांध्याच्या गाड्यांमध्ये १८० ते २०० आणि खडतर रस्त्यांसाठी बनवलेल्या गाड्यांमध्ये २०० मिलिमीटरच्या वर. कंपनीच्या पत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरले की स्प्रिंग दबतात आणि गाडीचे पोट काही सेंटीमीटर खाली येते. त्यामुळे चाकोरीमधला उंचवटा १५० मिलिमीटर असेल तर १६५ मिलिमीटरची गाडी कागदावर पुरते, भरलेली मात्र घासते. उंचवटा आणि क्लिअरन्स यांत निदान ४० ते ५० मिलिमीटरचा फरक राहील अशी गाडी पाहावी.

नुसत्या या आकड्यावरही थांबू नये. पुढचा बंपर चाकांच्या फार पुढे आलेला असेल तर उंच गाडीही ओढ्यातून वर येताना आधी नाक घासते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर जास्त असेल तर बांधाचा माथा ओलांडताना पोट टेकते. गाडीखाली वाकून पाहा: इंजिन ऑइलचा चेंबर, सायलेन्सर आणि इंधनाची टाकी यांपैकी सर्वांत खाली काय आहे? सायलेन्सर घासला तर आवाज होतो, पण चेंबर फुटला तर ऑइल वाहून जाते आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत इंजिन जाम होऊ शकते. चेंबर खाली असेल तर पत्र्याचा जाड संरक्षक बसवता येतो का, ते विचारावे. तो स्वस्त असतो आणि खडकाळ रस्त्यावर त्याची किंमत पहिल्याच वर्षी वसूल होते.

पाण्याबद्दल मात्र कोणत्याही गाडीच्या भरवशावर राहू नये. वाहते पाणी सुमारे ३० सेंटीमीटर खोल असले तरी लहान गाडी तरंगू लागते, आणि ६० सेंटीमीटरच्या प्रवाहात मोठ्या उंच गाड्याही वाहून जातात. साचलेल्या पाण्यात धोका इंजिनाच्या हवा ओढण्याच्या नळीचा असतो. तिच्यातून पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर, पाणी दाबले जात नसल्याने, आतले दांडे वाकतात. ती नळी कुठे आणि किती उंचीवर आहे हे बॉनेट उघडून पाहता येते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नसतो, हे घरातील प्रत्येक चालकाला आधीच सांगून ठेवावे.

पायरी ३ : भाराचा हिशोब किलोमध्ये करा

प्रत्येक गाडीच्या कागदांत तिचे रिकामे वजन आणि भारासह चालणारे कमाल वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे माणसे धरून गाडी वाहू शकेल असा भार. लहान चारचाकीत तो बहुधा ४०० ते ४५० किलो असतो. प्रत्येकी ७० किलोची पाच माणसे बसली की ३५० किलो तिथेच संपतात, आणि उरलेल्या जागेत ५० किलोची दोन पोती टाकली की मर्यादा गाठली जाते. पाण्याचे २०० लिटरचे एक पिंप म्हणजे २०० किलो, तीन माणसांच्या जवळपास. हे आकडे वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिले की पिकअप खरोखर लागते की नाही, याचा उलगडा होतो.

आठवड्यातून तीन-चार दिवस दोनशे-तीनशे किलो माल न्यायचा असेल, तर चेसिसवर, म्हणजे खालच्या मजबूत सांगाड्यावर, बांधलेली आणि मागे पाट्यांचे स्प्रिंग असलेली पिकअप योग्य. पाटे भार सोसतात, तुटले तर एकेक पान बदलता येते आणि त्यांचे काम कुठलाही जुना कारागीर जाणतो. उलट रिकामी असताना अशी गाडी खूप उसळते, मागची चाके हलकी असल्याने ओल्या मातीत घसरतात आणि घरातल्या वृद्धांना तिचा प्रवास नकोसा होतो. महिन्यातून दोन-तीनदाच माल न्यायचा असेल तर साधी चारचाकी आणि तिला जोडायचा लहान ट्रेलर हा पर्याय माझ्या मते दुर्लक्षित राहिला आहे. ट्रेलरला इंजिन नाही, त्याची देखभाल नगण्य आहे, आणि रोजच्या प्रवासात तो घरी ठेवता येतो. मात्र गाडी किती वजन ओढू शकते याची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहिली पाहिजे, त्याबद्दलचा कायदा तपासला पाहिजे आणि माल भरताना जड वस्तू ट्रेलरच्या मागच्या टोकाला कधीच ठेवू नयेत, कारण तसे केल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो.

टपावरच्या कॅरिअरची मर्यादा पुष्कळ लोक विसरतात. लहान गाड्यांमध्ये ती बहुधा ५० ते ७५ किलोच असते, आणि तेवढ्या वजनानेही वळणावर गाडी अधिक झुकते.

पायरी ४ : चारही चाकांना ताकद हवी का, हे ठरवा

इथे सर्वाधिक पैसे वाया जातात. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी विकत घेताना महाग असते, तिचे वजन जास्त म्हणून ती इंधन जास्त खाते, आणि तिच्यात ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी), दुसरा डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच), जादा शाफ्ट असे झिजणारे भाग वाढतात. जुन्या गाडीत नेमके तेच भाग थकलेले असतात. म्हणून तिची गरज रस्त्याने सिद्ध केली पाहिजे.

गाडी घसरते ती बहुधा टायर आणि जमीन यांच्यातील पकड अपुरी पडल्याने. साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक चिखलात फिरू लागले की दुसऱ्याला मिळणारा जोरही तेवढाच क्षीण होतो. या कारणाने फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचेही एक पुढचे आणि तिरपे समोरचे मागचे चाक मोकळे झाले, तर ती जागेवर फिरत राहते. दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारे डिफरन्शिअल लॉक किंवा ब्रेकच्या साहाय्याने फिरणारे चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तरच त्यातून सुटका होते. याउलट चांगल्या नक्षीचे टायर लावलेली साधी दोन चाकांवर चालणारी गाडी बहुतेक कच्च्या रस्त्यांवरून नीट जाते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचे वजन त्याच चाकांवर असते, म्हणून सपाट ओल्या रस्त्यावर तिची पकड चांगली असते. पण मागे भार भरून तीव्र चढण चढताना वजन मागे सरकते आणि पुढची चाके फिरू लागतात. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप याच्या उलट वागते: भरलेली असताना चढण चांगली चढते आणि रिकामी असताना घसरते. दाराजवळच ओल्या मातीची तीव्र चढण असेल आणि भरलेल्या गाडीने ती रोज चढायची असेल, तर मागच्या चाकांची गाडी घ्यावी किंवा त्या चढणीवर खडी टाकून घ्यावी. पन्नास मीटर रस्ता दुरुस्त करणे हे महागडी गाडी घेऊन ती दहा वर्षे पोसण्यापेक्षा अनेकदा स्वस्त असते, हे या हिशोबात धरले पाहिजे.

वर्षातले कित्येक महिने खोल चिखल, वाळू किंवा बर्फ यांतून जायचे असेल आणि दुसरा रस्ताच नसेल, तर मात्र फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यावी. जुन्या पद्धतीच्या, लिव्हरने पुढची चाके जोडायच्या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शिअल नसतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके घसरून तो फरक भरून काढू शकत नसल्यामुळे सगळा ताण शाफ्ट व गिअरवर येतो. अशी गाडी डांबरावर कायम दोन चाकांवरच चालवायची असते. आधीच्या मालकाने हे पाळले नसेल तर तुम्ही विकत घेत असलेला ट्रान्सफर केस आतून खराब झालेला असू शकतो.

टायर निवडताना निम्म्याहून अधिक प्रवास पक्क्या रस्त्यावर असेल तर चिखलाच्या जाड दातांचे टायर लावू नयेत. ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावताना गाडी लांब नेतात. दोन्ही प्रकारच्या रस्त्यांसाठी बनवलेले ऑल-टेरेन टायर हा मधला मार्ग आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर उत्पादनाची तारीख चार अंकांत असते: पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी दहा वर्षांचा टायर टाकूनच द्यावा, कारण रबर कडक होऊन त्याची पकड गेलेली असते. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. काही गाड्यांबरोबर फक्त पंक्चर बंद करायचे द्रव्य देतात, पण दगडाने टायरची बाजू फाटली तर ते निरुपयोगी ठरते.

पायरी ५ : इंधनाचा निर्णय पैशांत नव्हे, लिटरमध्ये घ्या

समजा पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलची २० किलोमीटर जाते. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणे असेल तर पहिलीला सुमारे ६६७ लिटर आणि दुसरीला ५०० लिटर इंधन लागेल, म्हणजे वर्षाची बचत १६७ लिटरची. आता दोन्ही गाड्यांच्या खरेदीतील फरक किती लिटर इंधनाइतका आहे ते काढा. तो १,००० लिटर इतका असेल तर, दोन्ही इंधनांचे भाव सारखे धरल्यास, फरक भरून यायला सहा वर्षे लागतील. फिरणे वर्षाला २५,००० किलोमीटर असेल तर अडीच वर्षांत भरून येईल. हे गणित करताना वहीतला स्वतःचा आकडा वापरावा, कारण आपण जितके फिरतो असे वाटते आणि जितके खरोखर फिरतो, त्यांत बराच फरक असतो.

डिझेल इंजिन कमी वेगात जोर जास्त देते, म्हणून भार ओढण्याला ते सोयीचे असते. पण अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला स्वच्छ करण्यासाठी आतले तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालली पाहिजे. घर ते शेत आणि घर ते शाळा अशा तीन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर फिल्टर तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. अशा घराला पेट्रोलच बरे. गॅसवर चालणारी गाडी किलोमीटरमागे स्वस्त पडते, पण टाकी डिकीतली जागा व्यापते, भारवहनाची मर्यादा घटवते आणि भरण्याचे केंद्र दूर असेल तर बचत तिथवरच्या फेऱ्यांतच जाते.

विजेच्या गाडीचा विचार ग्रामीण भागात नाकारू नये, मात्र हिशोब करून करावा. २३० व्होल्टच्या १० अँपिअर प्लगमधून सुमारे २.३ किलोवॅट वीज मिळते. रात्रभर, म्हणजे दहा तास, अखंड पुरवठा असेल तर गळती वजा जाता बॅटरीत २० युनिट साठतात आणि लहान गाडी त्यावर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर जाते. रोजचे फिरणे याच्या निम्मे असेल, घरात नीट अर्थिंग असेल आणि वीज रात्री टिकत असेल तर इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हाल्व्ह यांची हालचाल जुळवणारा पट्टा) हे खर्चच उरत नाहीत. वीज तासन् तास जात असेल, किंवा खडकाळ रस्त्यावर तळाखालच्या बॅटरीला मार बसण्याची भीती असेल, तर थांबावे. जुनी विजेची गाडी घेताना बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणारा अहवाल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात: कमी पैशांत मॅन्युअल गिअरच घ्यावा. तो दुरुस्त करणारे सर्वत्र सापडतात, उतारावर इंजिनाचा आवर चांगला मिळतो, आणि बॅटरी उतरली तरी गाडी बहुधा धक्का देऊन सुरू होते.

पायरी ६ : मॉडेल ठरवण्याआधी मेकॅनिककडे जा

बहुतेक लोक गाडी घेतल्यावर मेकॅनिक शोधतात. क्रम उलटा हवा. घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर जी दोन-तीन गॅरेज असतील, तिथे गाडी घेण्याआधी जा आणि तीन गोष्टी विचारा: तुमच्याकडे कोणत्या गाड्या सर्वाधिक येतात, त्यांतल्या कोणत्या वारंवार येतात, आणि कोणत्या गाडीचे सुटे भाग दुसऱ्या दिवशी हातात पडतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावाचून फसवे असते, कारण जी गाडी त्या भागात खपते तीच गॅरेजमध्येही जास्त दिसणार.

परिसरात ज्या मॉडेलच्या गाड्या भरपूर आहेत, तिचे सुटे भाग जुन्या बाजारातही मिळतात, तिची नेहमीची दुखणी सर्वांना ठाऊक असतात आणि ती विकताना गिऱ्हाईक लवकर मिळते. एखादी आलिशान जुनी गाडी साध्या गाडीच्या किमतीत मिळते तेव्हा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तिची किंमत उतरली आहे, सुट्या भागांची नाही, आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा एक बिघाड तुम्हाला महिनाभर पायी चालायला लावू शकतो. जितकी यंत्रणा साधी तितकी ती रस्त्याच्या कडेला दुरुस्त होण्याची शक्यता जास्त, हा निकष मी इथे सर्वांत जड मानतो.

पायरी ७ : पैशांची विभागणी करा

हातात जेवढी रक्कम आहे तेवढ्याची गाडी घेऊ नये. एकूण रकमेचा चौथा-पाचवा हिस्सा बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत गाडी शोधावी. जुन्या गाडीला पहिल्या काही महिन्यांत टायर, बॅटरी, ब्रेक, ऑइल यांपैकी काही ना काही लागतेच, आणि हा पैसा नसला की माणूस झिजलेल्या टायरवरच पावसाळा काढतो.

विमा, कर, तपासणी आणि कर्ज असेल तर त्याचे हप्ते यांची वर्षाची बेरीज करा, तिच्यात वर्षाचे इंधन व देखभाल मिळवा आणि एकूण किलोमीटरने भागा. दोन गाड्यांची तुलना या प्रति-किलोमीटर आकड्यावर करावी. नवी लहान गाडी की जुनी मोठी, हा वादही याच आकड्याने सुटतो. नव्या गाडीच्या किमतीची सर्वांत मोठी घट पहिल्या तीन-चार वर्षांत होते, म्हणून चार ते आठ वर्षांची, नीट राखलेली आणि एकाच मालकाने वापरलेली साधी गाडी बहुतेक ग्रामीण कुटुंबांना सर्वांत परवडते, असे माझे मत आहे.

पायरी ८ : जुनी गाडी स्वतः तपासा

गाडी दिवसाउजेडी, कोरड्या हवेत आणि थंड इंजिनावर पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे, कारण सुरू होतानाच्या अडचणी गरम इंजिन लपवते.

सुरुवात खालून करा. चेसिसच्या पट्ट्या, दाराखालची कड, स्प्रिंग बसण्याच्या जागा यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजलेला बद्द वाजतो किंवा चुरतो. वरचा रंग खराब असेल तर सोडून द्या, पण चेसिस गंजली असेल तर गाडी सोडा. ताजा काळा लेप फासलेला दिसला तर त्याखाली काय आहे हा प्रश्न विचारावा. पुरात बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून दूरच्या गावी विकल्या जातात. गालिचा उचलून पाहणे, आसनांच्या बोल्टवर गंज आणि दिव्यांच्या काचेत ओल शोधणे, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का हे पाहणे, इतके केले तरी बहुतेक अशा गाड्या ओळखू येतात.

इंजिन सुरू केल्यावर धूर पाहा. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) सिलिंडरमध्ये जात असल्याचा आणि काळा धूर इंधन पूर्ण जळत नसल्याचा सूचक असतो. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ येणे मात्र साधारण आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. डिझेलचे ऑइल बदलल्यावर लगेच काळे होते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. धुळीच्या भागातल्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहाच. त्याच्या पलीकडच्या नळीत बारीक धूळ हाताला लागली तर ती धूळ कित्येक महिने पिस्टन आणि रिंगा घासत आली आहे. मेकॅनिककडून सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घेणे हा थोडक्या खर्चाचा आणि मोठ्या उपयोगाचा उपाय आहे. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी घेऊ नये.

टायमिंग बेल्ट कधी बदलला, याचा पुरावा मागा. मॉडेलप्रमाणे तो ६०,००० ते १,६०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचा असतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हाल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. पुरावा नसेल तर तो बदलला नाही असेच समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

चालवून पाहताना आपलाच कच्चा रस्ता निवडावा, आणि शक्य असेल तर नेहमीइतकी माणसे बसवावीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टकटक आवाज आला तर पुढच्या चाकांचे सांधे झिजले आहेत. खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहिली तर शॉक अॅब्सॉर्बर गेले आहेत. चढणीवर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरत आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर जोराने ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का तेही पाहावे. ओडोमीटरवर ४०,००० किलोमीटर आणि पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झालेले, अशी जोडी दिसली तर आकड्यावर विश्वास ठेवू नये.

कागदांत मालकाचे नाव, थकलेला कर किंवा कर्ज, अपघाताच्या नोंदी आणि विमा तपासा. चेसिसवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहा. एका अक्षराचाही फरक असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

पायरी ९ : घेतल्यावर पहिल्या महिन्यात

आधीच्या मालकाने काय केले यावर अवलंबून न राहता इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, इंधन फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदाच बदलून तारीख व किलोमीटर वहीत लिहा. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापराचे वेगळे वेळापत्रक असते, आणि धूळ, चिखल, जड भार व लहान फेऱ्या या साऱ्या गोष्टी त्यात मोडतात. बहुतेक ग्रामीण गाड्यांना तेच लागू होते, म्हणून ऑइल व एअर फिल्टर नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदलावेत. गोदामात किंवा गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून घरटे होत नाही ना, हे पाहण्याची सवय लावावी.

गाडीत पूर्ण हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि मऊ जमिनीत तो रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायची जाड फळी, चाकाचा पाना, हवा मोजण्याचे यंत्र व पंप, ओढण्याचा मजबूत पट्टा, फावडे, टॉर्च, बॅटरी जोडायच्या केबल आणि पाण्याचा कॅन ठेवावा. चिखलात किंवा वाळूत चाक रुतले तर टायरची हवा थोडी कमी केल्याने टायर लांबट पसरतो आणि पकड वाढते. म्हणूनच पंप सोबत हवा, कारण पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा पूर्ववत भरल्याशिवाय वेग घ्यायचा नसतो. जॅक लावणे आणि चाक बदलणे हे घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने अंगणात, दिवसाउजेडी, एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे, आणि चाकाचे नट फार घट्ट बसलेले आढळल्यास पाना बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडाही त्याच पिशवीत टाकून ठेवावा.